पाण्याखालची मेर

अजूनही पायाखाली पाणी आलं की माझा हात आधी चपलांकडे जातो. परवाच आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नळाचा पाइप फुटला. घोट्याएवढं पाणी साचलं. पोरी दारातून ओरडत होत्या, "काकू, घसराल, चपला घाला!" आणि मी मात्र चपला काढून ओट्यावर ठेवत होते. फरशी कोरडी होईपर्यंत मी त्या परत घातल्या नाहीत. नळ नीट बंद आहे का, हे मी झोपण्याआधी दोनदोनदा बघते, त्यावरून माझी थट्टाही होते. होऊ दे. या गावानं, अमरावतीनं, मला घर दिलं, हाताला काम दिलं. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईच्या हातचं जेवून शिकलेल्या पोरी आज मोठमोठ्या नोकऱ्या करतात आणि दिवाळीला आठवणीनं फोन करतात. याहून जास्त मी देवाकडे काय मागू? पण इथं समुद्र नाही, खाडी नाही, आणि पाण्यात उतरताना चपला का काढायच्या ते कुणाला सांगून कळणारही नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि दोघांच्या मधे मातीचा लांबलचक बांध. हा बांध म्हणजे गावाचं दार. तो आहे तोवर आत गोडं पाणी, भात, माणसं. तो फुटला की खारं पाणी आत. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. माझ्या लहानपणी खांड पडली की गावातला एकही पुरुष घरात राहत नसे. टोपल्या, पेंढा, चिखल, जे हातात येईल ते घेऊन सगळे धावत. माझ्या बाबांच्या पाठीवर तर टोपलीच्या काठाचा वळच उठलेला होता, कायमचा. पण एका पावसाळ्यात उधाणाला जी खांड पडली ती भरेचना. गावानं दोनदा भरली, दोनदा भरतीनं नेली. तिसऱ्यांदा माणसं टोपल्या घेऊन गेली, काठावर उभी राहिली, आणि एकमेकांकडे न बघता परत आली. त्या दिवशी आमच्या घरात आईनं भाकरी थापली तिचा आवाज तेवढा आला.

आमच्या शेतात आता मिठाचं पाणी होतं. ओहोटीलासुद्धा बांधाच्या आत कमरेच्या वर पाणी राहायचं, आणि ते इतकं गढूळ की हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसू नयेत. बाबांनी पहिल्या हिवाळ्यात चंद्रीच्या वडिलांची होडी मागून घेतली आणि शेताच्या चार कोपऱ्यांवर बांबूचे चार खुंट रोवून आले. चंद्री म्हणजे माझी मैत्रीण, खाडीकडच्या आळीतली, मासेमारीवर जगणाऱ्या घरातली. तिचे वडील हसून म्हणाले होते, "दादा, पाण्याला कसली मेर?" मेर म्हणजे शेताची हद्द, दोन खाचरांमधला तो उंचवटा. बाबा म्हणाले, "पाणी जाईल उद्या. हद्द हरवली तर भांडणं होतील." तेव्हापासून रोज सकाळी तोंडात कडुलिंबाची काडी धरून ते बांधावर जायचे आणि लांबून ते चार खुंट बघून यायचे. चारही दिसले की चहा गोड लागायचा त्यांना. आणि स्वयंपाकघराच्या आढ्याला बियाण्याच्या भाताचा मुडा टांगलेला होता. पेंढ्यात गच्च बांधलेला, भोपळ्यासारखा गोल. खाऱ्या जमिनीत येणारं आमचं तांबडं भात होतं त्यात, शेवटच्या पिकाचं. घरात विकतचा तांदूळ संपला तरी त्या मुड्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खालून चुलीचा धूर लागून तो काळा पडला होता आणि आई भाकरी करताना मधेच वर बघायची. देवाकडे बघावं तसं नाही, पाहुण्याकडे बघावं तसं. जातच नाही असा पाहुणा.

शाळा मी तेव्हाच सोडली. नाव कुणी काढलं नाही, मीच जायची थांबले. सकाळच्या एसटीनं जोह्याला जायचं, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करायच्या आणि संध्याकाळी पांढरीफटक होऊन परत यायचं. आईचा जीव मात्र रोह्याकडे ओढत होता. तिथं वरसे गावात तिचा भाऊ राहायचा. मामा महिन्याकाठी यायचा, खाटेवर बसायचा आणि एकच विषय काढायचा.

"भावोजी, चला वरश्याला. कंपनीत गेटवर लावून देतो. तीन शिफ्ट असतात, पण पगार वेळेवर. बाजूला खोली बघून ठेवलीय."

"शेत टाकून?"

"कुठं हाय शेत?"

"हाय. पाण्याखाली हाय."

"पाण्याखाली तर मुंबईपण हाय म्हणतात," मामा म्हणायचा. आई तोंडावर पदर धरून हसायची आणि मग तोच पदर डोळ्यांना लावायची. बाबा उठून बांधावर जायचे. चार खुंट उभे होते तोवर आम्ही कुठंही जाणार नव्हतो, हे मामालाही कळत होतं.

एकदा कारखान्याला सुट्टी होती आणि मामा दुपारी जेवायला येणार होता. घरात वाळवलेल्या मासळीची सुकट आणि भाकरी याखेरीज काही नव्हतं. पाहुण्याच्या पानात सुकट वाढायची म्हणून आई सकाळपासून भांडी आपटत होती. मी पाणी भरायला निघाले तर वाटेत चंद्री खाडीच्या काठावर होडीतलं पाणी करवंटीनं उपसत होती. तिचे वडील तापानं पडले होते आणि भाऊ लग्नाला गेला होता, म्हणून होडी तिच्या ताब्यात. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल, पण होडीत उभी राहिली की गावातल्या कुठल्याही बाप्याहून मोठी वाटायची.

"काय गो सुमे, तोंड का असं सुकटीसारखं?" तिनं विचारलं.

"घरात तीच हाय म्हणून."

"मंग चल. होरीत बस." होडीला ती होरी म्हणायची, पाण्याला पानी. "आज तिथ कुठची गो? तू शिकलेली, तू सांग."

"दशमी."

"मंग भरती कदी भरंल?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. शाळेनं मला जे काही दिलं त्यातला पाऊणकीचा पाढा तेवढा त्या गावात चालायचा. मी सांगितलं. चंद्री म्हणाली, "बग, मास्तरांचा मार फुकट नाय गेला. भांगाचं पानी हाय, गरीब पानी. ये." भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, म्हणून मीही घाबरले नाही. खरं तर घाबरले. मी नेहमीच घाबरते. पण आईचा भांड्यांचा आवाज कानात होता.

खांडीतून होडी आत शिरली. वर ऊन कोवळं होतं, बगळे बांधावर ओळीनं बसले होते, आणि पाण्यावर वाऱ्याच्या बारीक बारीक चुण्या पडल्या होत्या. आमचा कोपऱ्यावरचा खुंट जवळ आला तशा मी चपला काढल्या आणि मांडीवर घेतल्या. शेतात चपला घालून पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या घरची रीत. लक्ष्मीच्या अंगावर वहाणा घेऊन कोण नाचतं? मला वाटतं मी काय करते आहे ते माझंच मला कळलं नव्हतं. चंद्रीनं बघितलं. वल्हं एकदाच हलकं मारलं आणि होडी आमच्या शेतावर नेली.

मासे धरायला तिच्याकडे बोक्शी होती. पिशवीसारखं जाळं. तोंड दोन खुंटांना बांधायचं, ओहोटीचं पाणी त्यातून वाहू द्यायचं, मासळी आपोआप शेपटाकडे जाऊन अडकते. एक खुंट तिनं होडीतून आणला होता, तो रोवला. दुसऱ्यासाठी तिनं दोरी आमच्या खुंटाला घातली.

"तो नको, चंद्रे. बाबांचा हाय."

"बापाचा हाय तर काय, बापाचा दात हाय? बांबू हाय. खाडीतला कंचाबी खुंट जाल्यासाठीच असतो."

तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. तिच्या जन्मात तिनं पाण्यात उभा असलेला बांबू बघितला तो जाळं बांधायला. आमच्या जन्मात मेरेवर रोवलेला बांबू म्हणजे हद्द. तो एकच बांबू होता. ओहोटीचं पाणी सुटलं होतं, वाद घालायला वेळ नव्हता. तिनं होडीही त्याच खुंटाला अडकवली आणि आम्ही भाकरीचा तुकडा मोडून खात बसलो. ती मला तिच्या ठरत आलेल्या लग्नाचं सांगत होती. नवऱ्या मुलाला पोहता येत नाही म्हणाली. "खाडीतला माणूस आनि पवता येत नाय! बुडाला तर मीच काढीन, आनि मंग जन्मभर ऐकवीन." मी इतकी हसले की होडी हलली. खांड पडल्यापासूनच्या दोन वर्षांत मी तशी हसले नव्हते.

ऊन चढल्यावर आम्ही जाळं ओढायला घेतलं. शेपूट हलकं येईना. दोघींनी पाय रोवून ओढलं, होडी खुंटाकडे खेचली गेली, आणि जाळ्यात काहीतरी असं उसळलं की चंद्री किंचाळली, "जिताडा! सुमे, सोडू नको गो, जिताडा!" जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा राजा. जावयाला वाढायचा मासा. चांदीसारखा, हाताएवढा लांब. तो होडीत येऊन आदळला, माझ्या मांडीवरच्या चपला उडाल्या, आम्ही दोघी त्याच्यावर ओणव्या पडलो. आणि तेवढ्यात होडी आपोआप फिरायला लागली. मी वर बघितलं. खुंट जाग्यावर नव्हता. दोरीला बांधलेला, उपटलेला, पाण्यावर आडवा तरंगत आमच्या मागून येत होता. एखादं कुत्रं मालकाच्या मागून यावं तसा.

चंद्रीचा चेहरा एकदम लहान झाला. "रोवू परत," ती म्हणाली. "तिथंच रोवू. तिथं म्हंजे कुठं गो?"

पाण्यावर खूण कुठली असणार? बाकीचे तीन खुंट दिसत होते, पण त्यांच्यावरून चौथा कोपरा नेमका सांगावा इतकी माझी नजर नव्हती. नजर नव्हती, पण पाय होते. त्या मेरेवरून मी चालायला शिकले होते. बाबांची न्याहारी घेऊन, डोक्यावर टोपली, हात सोडून पळत जायची मी. डोळे बांधून सोडलं असतं तरी मेर कुठं वळते ते माझ्या तळव्यांना ठाऊक होतं. "मी उतरते," म्हटलं. "मेर पायाला लागेल."

होडीची कड धरून मी पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी, त्याखाली गाळ. गार, लोण्यासारखा मऊ. पाय त्यात गुडघ्यापर्यंत गेला आणि कशालाही टेकला नाही. मी कड धरून पुढे सरकले. गाळ. डावीकडे. गाळ. जिथं उंचवटा हवा होता तिथं गाळ आणि जिथं खाचर हवं होतं तिथंही तोच गाळ, एकसारखा, सपाट, कुणी हात फिरवून लिंपल्यासारखा. मेर नव्हती. हरवली नव्हती, विरघळली होती. मी इतके दिवस मनात धरून चालले होते की पाण्याखाली आमचं शेत झोपलेलं आहे, जसंच्या तसं, धसकटांसकट. पांघरूण काढलं की उठेल. खाली काहीच नव्हतं.

"लागली काय गो?" चंद्रीनं वरून विचारलं.

माझ्या तोंडाला खारं पाणी लागत होतं. खाडीचं की डोळ्यांचं, मला सांगता येणार नाही. "लागली," मी म्हटलं. "हितंच रोव."

तिनं खुंट रोवला. दोघींनी मिळून दाबला. दिसायला अगदी पहिल्यासारखा दिसत होता.

दुपारी आईनं चिंचेच्या कोळात जिताड्याचं कालवण केलं. लसणाचा वास अंगणापर्यंत गेला, आणि मामा दारातूनच म्हणाला, "जावई कोण येतोय?" कित्येक महिन्यांनी आमच्या घरात ताटं मांडल्याचा आवाज नीट आला. सगळे जेवायला बसले. बाबा बांधावरून उशिरा आले. हात धुतले, ताटावर बसले, आणि ताटाकडे बघत राहिले.

"मासा कुठला?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं. जाळं, खुंट, दोरी, सगळं. मामानं घास हातात धरून ठेवला. आई माझ्याकडे अशी बघत होती की मी आता गप्प बसावं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तरीच. चौथा खुंट जरा खाडीकडं सरकलाय. लांबून वाटलं, माझीच नजर गेली." मग एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "पाण्यात उतरलीस तर मेर लागली का गो पायाला?"

चूल फुरफुरत होती. मुडा वर टांगलेला होता.

"लागली बाबा. चांगली घट्ट हाय."

त्यांनी मान डोलवली. भाकरीचा घास कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. आईनं डोक्याचा तुकडा त्यांच्या ताटात सरकवला, तोही खाल्ला. आमच्या शेतातून घरात आलेलं ते शेवटचं अन्न.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मी जोह्याहून परत आले तर घरात आई जमिनीवर बसलेली होती आणि तिच्यासमोर सोडलेला मुडा. पेंढा सगळीकडे पसरलेला. बाबांनी स्वतः स्टुलावर चढून तो काढला होता, स्वतः सोडला होता. आईला म्हणाले होते, "गिरणीतनं सडून आण. आणि भावाला निरोप पाठव, येतो म्हणून." एवढंच. आई ज्या दिवसासाठी नवस बोलत होती तो दिवस आला होता, आणि ती ओंजळीत बियाण्याचं भात घेऊन हमसून हमसून रडत होती. तो तांबडा भात आम्ही जेवलो. गोड होता. कुणालाही दुसऱ्यांदा वाढून घेता आला नाही.

बाबांनी अचानक मन का बदललं, ते घरात कुणाला कळलं नाही. आईला वाटायचं तिच्या रडण्यानं. मामाला वाटायचं त्याच्या बोलण्यानं. मला मनातून वाटायचं, माझ्या त्या एका शब्दानं. मेर घट्ट आहे म्हटल्यावर त्यांना धीर आला असेल, शेत कुठं जात नाही, आपण जाऊन येऊ असं वाटलं असेल. वरश्याला ते कंपनीच्या गेटवर उभे राहिले, खाकी शर्ट घालून, शिफ्ट कधीही न चुकवता. कुणी गावाचं विचारलं की सांगायचे, "शेती हाय ना. पाण्याखाली हाय सध्या. पण मेर लागते अजून. आमच्या पोरीनं बघितलीय." जोह्याच्या मूर्ती टेम्पोनं अमरावतीला जायच्या, त्या नेणाऱ्याच्या ओळखीतून माझं स्थळ आलं, आणि मी इतक्या लांब आले की जाऊन यायलाच दोन दिवस लागतात. दर वेळी निघताना बाबा कोलाडपर्यंत सोडायला यायचे. गाडी हलली की खिडकीला हात लावून चार पावलं चालायचे.

ते गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. तेराव्याला चंद्री आली, पेणहून रोह्याची एसटी धरून, केस पिकलेली, अंगानं सुटलेली. मागच्या पडवीत आम्ही दोघी लसूण सोलत बसलो. बरंच सोलून झाल्यावर ती खाली बघतच म्हणाली, "तुला एक सांगायचं व्हतं. तुजा बा आलता माज्या होरीत. त्यो जिताडा गावला ना, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिशी."

मी सुरी खाली ठेवली.

"मला बोलला, चंद्रे, सुमननं जिथं खुंट रोवला तिथं ने. नेला. चपला काढून होरीत ठेवल्यान, तुज्यासारख्याच. आनि उतरला. खाली नुसता चिखल, मला भ्या वाटलं. हिकडं सरकला, तिकडं सरकला. मंग नुसता उभा ऱ्हायला. लय वेल. मी विचारलं, काका, लागली काय मेर? तर बोलला, 'सुमनला लागली ना? मग हाय ती.'"

लसणाची सालं वाऱ्यानं पडवीभर उडत होती. ती पुढे म्हणाली, "वर आला. चपला हातातच धरल्यान, पायात घातल्यान नाय. काठावर उतरताना मागं वळून मला बोलला, 'त्या खुंटांना जाळं बांधत जा. उगाच उभे हायेत.'"

"बांधलंस?"

"मंग? बापाचा शबुद. बाकीचे गेले आता. तू रोवलास त्योच ऱ्हायलाय. कांदळवन वाढलंय भवती, पन हाय." मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. खाडीकडच्या बायका आभाळ बघतात तसं, डोळे बारीक करून. "आता म्हातारा ऐकत नाय. खरं सांग गो सुमे. तुला तरी लागली व्हती काय?"

आत आई कुणाला तरी सांगत होती, शेती हाय आमची पेणला.

"लागली होती," मी म्हटलं. "घट्ट होती."

"मंग हाय," चंद्री म्हणाली, आणि पुढचा लसूण हातात घेतला.